टो-ट्रकवरील माझी उमेदवारी

वार्षिकाच्या या पानांवर दरवर्षीं कोणी ना कोणी आपल्या प्रवासाचें वर्णन लिहितो. कोणी वेरूळचीं लेणीं पाहून आलेला असतो, कोणी रायगड चढून आलेला असतो, आणि एखाद्या भाग्यवंताची मजल परदेशापर्यंतही गेलेली असते. या शाळेचा माजी विद्यार्थी या नात्यानें मीही आज एका शहराविषयींच लिहिणार आहें. मात्र तें शहर पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नाहीं. तेथें मीं पत्करलेल्या धंद्याचें नांव ऐकून माझ्या मावशीनें कपाळाला हात लाविला होता. बंद पडलेल्या किंवा भलत्या जागीं उभ्या केलेल्या मोटारी ओढून नेणारा जो ट्रक असतो, त्या टो-ट्रकचा मी चालक झालों होतों.

लॉस सँटोस हें त्या शहराचें नांव. रॉकस्टार गेम्स या कंपनीनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ या संगणकीय खेळांत तें वसलेलें आहे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहर डोळ्यांपुढें ठेवून त्याची रचना केलेली आहे. हॉलिवुडच्या जागीं तेथें व्हाइनवुड आहे, आणि व्हेनिसच्या किनाऱ्याच्या जागीं व्हेस्पुची. मूळ खेळ चोऱ्यामाऱ्यांचा व गोळीबाराचा. यूरोपांत त्यावर अठरा वर्षांचा शिक्का आहे, आणि तो योग्यच आहे. तेव्हां या शाळेच्या बांकांवर बसलेल्या माझ्या धाकट्या बंधुभगिनींनीं हा लेख वाचून संगणकाकडे धांव घेऊं नये. मी स्वतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत गेल्यावर, आणि वडिलांना विचारून, या वाटेस गेलों.

याच शहरांत दुसऱ्या एका रीतीनेंही राहतां येतें. फाइव्हएम नांवाच्या साधनाच्या साह्यानें (तें निर्माण करणाऱ्या मंडळीला २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत रॉकस्टारनेंच आपल्या पदरीं घेतलें) हौशी लोक आपापले निराळे सर्व्हर उभारतात, आणि तेथें पुष्कळ माणसें एकाच वेळीं जमून एक न संपणारें नाटक करीत राहतात. कोणी पोलीस होतो, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकतो. यालाच रोलप्ले म्हणतात. या नाटकाला संहिता नाहीं व तालीमही नाहीं. नियम मात्र कडक. तोंडांतून निघणारा प्रत्येक शब्द पात्राचा असावा लागतो. बाहेर कळलेली गोष्ट आंत वापरतां येत नाहीं. कोणी पिस्तूल रोखलें तर खरोखरीच भ्यावें लागतें. आमच्या सर्व्हरवर बोलणें बहुतेक हिंदींतून चाले. येथें तें मराठींत देतों.

प्रवेशापूर्वीं एक अर्ज भरावा लागला. आपल्या पात्राचा पूर्वेतिहास लिहा, असें त्यांत एक कलम होतें. बहुतेकांचीं पात्रें अनाथ तरी असतात, नाहीं तर सूडानें पेटलेलीं तरी असतात, असें पुढें एका तपासनिसानें मला हंसत हंसत सांगितलें. माझें पात्र घाटाच्या पायथ्याशीं वाढलेलें असून त्याला बंद पडलेल्या गाड्यांची ओढ आहे, असें मीं लिहिलें. हें अगदींच खोटें नव्हतें. लहानपणीं बोरघाटांत भर पावसांत आमची एस.टी. बंद पडली होती. चाळीस उतारूंचे चाळीस सल्ले चालले असतां क्रेन आली. तिचा चालक खालीं उतरला, कोणाशीं एक शब्द न बोलतां चिखलांत गुडघा टेकून त्यानें गाडीखालीं पाहिलें, आणि साखळी लाविली. सगळे एकदम गप्प झाले. तो गुडघा टेकलेला मनुष्य माझ्या मनांतून कधीं गेला नाहीं.

असो. शहरांत उतरलों तेव्हां खिशांत थोडे डॉलर होते. आगारांत अडीचशें डॉलर अनामत ठेवून ट्रक घ्यावयाचा, नकाशावर खूण उमटेल तेथें जावयाचें, गाडी आणून आवारांत टाकावयाची आणि दिवसाअखेर पैशांची चिठ्ठी घ्यावयाची, असा क्रम होता. ऐकावयास किती सोपें! ट्रकच्या पाठीवरील दांडा वरखालीं करण्यास दोन कळा. परंतु आरशांत पाहत, उलटें जात, त्या दांड्याचा आकडा मोटारीच्या नाकापाशीं नेमका आणणें म्हणजे डोळे बांधून सुईंत दोरा ओंवण्यासारखें होतें. पहिल्या खेपेस मीं मोटार ढकलतच पदपथावर नेली. दुसऱ्या खेपेस आकडा बसला, मी हर्षानें वेग वाढविला, आणि पहिल्याच वळणावर मागची मोटार झोका घेऊन दिव्याच्या खांबावर आदळली. त्या दिवशीं माझी अनामत बुडाली, आणि बसथांब्यावरील दोन इसमांनीं टाळ्या वाजविल्या.

दुसऱ्या दिवशीं आगारांत एका जुन्या चालकानें मला हटकलें. सगळे त्याला ‘उस्ताद’ म्हणत. त्याचा आवाज पोक्त होता, आणि त्या आवाजामागें कधीं कुकरची शिटी तर कधीं लहान मुलाचें रडणें ऐकूं येई. परंतु पात्राबाहेरचें कांहीं विचारावयाचें नाहीं हा नियम असल्यामुळें तो गृहस्थ कोण, कोठला, हें मला आजही ठाऊक नाहीं.

या नाटकांत हातांनीं करावयाच्या बारीक क्रिया लेखी सांगाव्या लागतात. मीं आपलें लिहिलें, “आकडा लावतो.”

“कोठें?” उस्तादानें विचारलें.

“पुढें.”

“पुढेंच कां? या गाडीचीं कोणतीं चाकें इंजिन फिरवितें?”

मला सांगतां येईना. मी म्हणालों, “उस्ताद, कोठेंही लावला तरी संगणक गाडी ओढतोच कीं!”

“संगणकाला चालत असेल,” तो म्हणाला. “मला चालत नाहीं.”

मग पुढील पंधरा दिवस रोज तासभर माझी शिकवणी झाली, आणि या सबंध खेळांत मला सर्वांत अधिक आनंद कशानें दिला असेल तर त्या शिकवणीनें. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाचा जोर पुढील चाकांवर असतो. म्हणून तींच उचलावयाचीं व मागचीं मोकळीं फिरूं द्यावयाचीं. त्यापूर्वीं हॅण्डब्रेक सोडला आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. नाहीं तर मागचीं चाकें फिरण्याऐवजीं घासत येतात. जोर मागील चाकांवर असून गिअर आपोआप बदलणारे असले, तर पुढून उचलून ओढण्यांत धोका असतो. कारण इंजिन बंद असल्यामुळें गिअरपेटींत तेल खेळत नाहीं, आंतले भाग मात्र फिरत राहतात व तापून खराब होतात. चारही चाकांवर जोर असणारी गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी हें बरें. आकडा पत्र्याला किंवा बंपरला कधीं लावावयाचा नाहीं. रस्त्यावर काम करतांना दिवे लुकलुकते ठेवावयाचे, मागें अंतरावर शंकू मांडावयाचे, आणि येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करावयाची नाहीं. एकदां मी वाहत्या रस्त्याच्या बाजूनें ट्रकभोंवतीं फिरलों, तर उस्तादानें मला मुकाट्यानें पुन्हां ट्रकमध्यें बसविलें व दुसऱ्या दारानें उतरावयास लाविलें. खोट्या रस्त्यावर खोट्या मोटारी. परंतु त्याच्या आवाजांतली काळजी खोटी वाटत नव्हती.

काम दोन प्रकारचें असे. एक, अडलेल्या माणसाच्या हांकेला जाणें. दुसरें, पोलिसांच्या सांगण्यावरून वाहतुकीस अडथळा करणाऱ्या गाड्या उचलून आवारांत आणणें. पहिल्यांत मिळकत बेताची. सँडी शोअर्सच्या माळरानापर्यंत जावें, तर अडलेला मनुष्य स्वतःच कफल्लक निघे. दुसऱ्यांत दर गाडीमागें ठरलेली रक्कम हातीं पडे. मीं कॉलेजच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. एका तासांत हांकेचीं कामें दोन होत, उचलण्याचीं सात. तेव्हांपासून अडलेल्यांच्या हांका मला हळूहळू ऐकूं येईनाशा झाल्या. माझा हात इतका सफाईदार झाला कीं, मालक दुकानांत शिरून बाहेर येईपर्यंत त्याची गाडी माझ्या आकड्याला लटकलेली असे. नोंदवहींत कारणाच्या रकान्यांत मी ‘वाहतुकीस अडथळा’ असें लिहीत असें. आरंभीं तें खरें असे. पुढें पुढें मी तें गाडीकडे नीट न पाहतांच लिहूं लागलों.

एके रात्रीं व्हेस्पुचीच्या किनाऱ्यालगत एक लहान निळी मोटार उभी होती. कडेचा दगड तांबडा रंगविलेला असला तर तेथें गाडी थांबवावयाची नाहीं, असा कॅलिफोर्नियांतील नियम आहे व तोच आमच्या सर्व्हरवर होता. या मोटारीचें मागचें चाक तेवढें तांबड्या भागावर आलें होतें. रस्ता रिकामा होता. अडथळा कोणालाच नव्हता. मीं ती उचलली, आवारांत आणली, आणि नोंदवहींत नेहमींचेंच कारण लिहिलें.

थोड्या वेळानें तिचा मालक पायीं धांवत आला. आवाज कोंवळा होता. शहरांत नवीनच आलेला दिसला.

“भैया, ती माझी पहिली गाडी आहे,” तो म्हणाला. “नऊ रात्रीं कचरा उचलून घेतली. दंड भरण्याइतके पैसे नाहींत माझ्याजवळ.”

“चाक तांबड्यावर होतें.”

“एकच चाक होतें, भैया.”

“एक काय नि चार काय! नियम म्हणजे नियम. बाहेर म्हणजे बाहेर.”

हें मी माइकमध्यें चांगल्या चढ्या आवाजांत बोललों. खोलीच्या दारांत माझे वडील चहाचा पेला घेऊन उभे होते, तें मला ठाऊक नव्हतें. ते कांहीं वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशीं तो गृहस्थही अगदीं असाच बोलला होता, नाहीं रे?” आणि पेला मेजावर ठेवून ते निघून गेले.

त्या दिवशीं म्हणजे कोणत्या, हें त्यांनीं सांगण्याची गरज नव्हती. मी सहावींत होतों. आजीचें औषध घेण्यासाठीं आम्ही दोघे बाजारांत गेलों होतों, आणि वडिलांनीं स्कूटर दुकानासमोर उभी केली होती. तिचें मागचें चाक पांढऱ्या पट्ट्याच्या वीतभर बाहेर होतें. औषध घेऊन बाहेर येतों तों स्कूटर ट्रकवर चढलेली! वडील ट्रकमागें हांक मारीत धांवले. त्यांना असें धांवतांना मीं त्यापूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. पुढें आवाराच्या फाटकापाशीं त्यांनीं खिशांतल्या नोटा दोनदां मोजल्या. त्या पुरल्या नाहींत. मेजामागील गृहस्थ मान वर न करतां म्हणाला, “पट्ट्याच्या बाहेर म्हणजे बाहेर.” तो नियमानें बोलत होता, हें मीही कबूल करतों. वडील पैसे आणावयास पायीं घरीं गेले, आणि मी औषधाची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीच्या कडेला उन्हांत बसून राहिलों. परततांना स्कूटरवर त्यांच्या पाठीमागें बसलों असतां मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि तो दिसत नाहीं याचें मला बरें वाटत होतें.

इकडे संगणकावर तो पोरगा अजून उभाच होता. मीं माइक बंद केला. चहा निवून गेला.

उस्तादाला गांठून मीं सर्व हकीकत सांगितली. नोंदवहींत मीं खोटें लिहिलें, हें सांगतांना माझी जीभ चांचरली. ही केवळ खेळांतली नोंद होती, असें वाचकांस वाटेल. मलाही त्या रात्रींपर्यंत तसेंच वाटत होतें. उस्ताद मला रागें भरला नाहीं, उपदेशही केला नाहीं. “गाडी आवारांत आहे ना अजून?” एवढेंच त्यानें विचारलें. “मग आधीं ती सोडव.”

पोलीस कचेरींत जमादाराचें पात्र करणारा जो कोणी होता, त्यानें माझा जबाब मोठ्या गंभीरपणें टिपून घेतला. निळ्या मोटारीचा दंड रद्द झाला. मागील नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकीं आणखी तीन संशयित निघाल्या. माझी रक्कम कापून घेतली, आणि आठ दिवस मला ट्रकवर बसण्याची मनाई झाली.

त्या आठ दिवसांत करमेना, म्हणून या धंद्याविषयीं जें हातीं आलें तें वाचलें. टो-ट्रकचा जन्म अमेरिकेंत टेनेसी राज्यांतील चॅटनूगा या गांवचा. १९१६ सालीं तेथील अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याच्या एका मित्राची मोटार ओढ्यांत गेली होती. ती दोर, ठोकळे व माणसें लावून बाहेर काढतांना कित्येक तास मोडले. या हालांतून होम्सला युक्ति सुचली, आणि त्यानें १९१३ सालच्या कॅडिलॅक मोटारीच्या सांगाड्यावर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवून पहिली ओढगाडी बनविली. म्हणजे हें यंत्र मुळांत ओढ्यांत अडकलेल्या एका मित्रासाठीं सुचलेलें आहे; आवारें आणि दंड हें सगळें मागाहूनचें. चॅटनूगा येथें आज या धंद्याचें एक संग्रहालय आहे, आणि तेथें रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्या काढतांना प्राणांस मुकलेल्या चालकांचीं नांवें कोरलेली एक भिंत आहे. उस्तादानें मला दुसऱ्या दारानें कां उतरविलें, तें ही गोष्ट वाचतांना समजलें.

दुसरी एक गोष्ट तर खुद्द लॉस एंजेलिसचीच निघाली. तेथील महामार्गांवर १९९१ सालापासून टो-ट्रकांची एक गस्त फिरते. अडलेल्या मोटारीचें फुटलेलें चाक बदलून देणें, निवलेल्या बॅटरीला चालना देणें, संपलें असल्यास थोडें पेट्रोल देणें, आणि गाडी चालूच होत नसेल तर ती महामार्गावरून सुरक्षित जागीं नेऊन सोडणें, हीं कामें ती करते, आणि मोटारवाल्याकडून एक पैसाही घेत नाहीं. बंद पडलेली गाडी वेळीं हलली नाहीं तर तिच्यामागें हजारों गाड्या तुंबतात, म्हणून सरकारी खजिन्यांतून हा खर्च होतो. उदारता आणि हिशेब यांचा असा मेळ बसलेला पाहून मला माझ्या वहींतील शेवटच्या पानाची थोडी लाज वाटली.

मनाई संपल्यावर मीं आगारांत जाऊन अशी गस्त आपल्याही सर्व्हरवर असावी असा अर्ज दिला. त्यावर तीन दिवस वाद झाला. “फुकट काम करावयास येणार कोण?” असा एकाचा आक्षेप होता, आणि तो रास्तच होता. अखेर आठवड्यांतून दोन रात्रीं, पगार नगरपालिकेचें पात्र चालविणाऱ्या मंडळीनें द्यावयाचा, असें ठरलें. पगार कचरा उचलणाऱ्याहून कमी. उस्ताद म्हणाला, “मी येतों, पण साडेदहानंतर. मुलगा झोंपल्यावर.” पात्राबाहेरचा त्याचा तेवढा एकच शब्द मीं कधीं ऐकला.

मागच्याच महिन्यांतील गोष्ट. ग्रेट ओशन हायवेवर, एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कडा अशा ठिकाणाहून हांक आली. पेट्रोल संपलें होतें. जाऊन पाहतों, तर तीच लहान निळी मोटार. मीं दिवे लुकलुकते केले, मागें शंकू मांडले, आणि कड्याच्या बाजूनें चालत पुढें आलों. मला पाहून तिचा मालक क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “भैया, आज चारही चाकें रेघेच्या आंत आहेत. मोजून घ्या.”

मीं मोजलीं. मग टांकीचें झांकण उघडल्याचें लिहीत असतां पाठीमागें चाहूल लागली.

“आतां कोणाची उचललीस?” वडिलांनीं विचारलें.

“उचलली नाहीं, बाबा. पेट्रोल द्यावयास आलों आहें.”

त्यांनीं स्टूल ओढलें, चष्मा लाविला आणि माझ्या शेजारीं बसून ते पडद्याकडे पाहूं लागले. “जरा हळू ओत,” ते म्हणाले. “सांडेल.”